विद्यार्थ्यांची मूल्ये, समाधान आणि प्रदेश : तुलना कशी करावी?

प्रश्न : वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात मी मानसशास्त्राच्या एम.ए.साठी लघुप्रबंध लिहीत आहे. सौराष्ट्रातून, डांगातून आणि इथल्या मराठी घरांतून आलेल्या विद्यार्थ्यांच्या मूल्यांत व आनंदात फरक आढळतो का, हे मला तपासायचे आहे. जिल्ह्यावरून गट पाडले तर चालेल का?

उत्तर १ : तेवढ्याने भागणार नाही. वडोदऱ्यातल्याच दांडिया बाजारातल्या स्वतःच्या घरी राहणारी मुलगी आणि वसतिगृहात राहून, शिकवण्या घेऊन घरी पैसे पाठवणारा डांगचा मुलगा यांच्यात दिसणारा फरक प्रदेशामुळे पडला की उत्पन्नामुळे आणि घरापासूनच्या अंतरामुळे, हे वेगळे काढावेच लागेल. माझ्या मते प्रदेशाचा क्रम त्यानंतरचा.

उत्तर २ : मानसशास्त्रज्ञ शालोम श्वार्ट्झ यांनी १९९२ मध्ये मांडलेली दहा मूल्यांची चौकट वापरणार असाल, तर प्रत्येकाच्या गुणांमधून त्याची स्वतःची सरासरी अवश्य वजा करा, कारण काही जण सगळ्याच मूल्यांना भरभरून गुण देतात आणि मग प्राधान्यक्रमच कळत नाही. आनंदासाठी बऱ्याचदा सुचवली जाणारी, मानसशास्त्रज्ञ एड डीनर व सहकाऱ्यांची १९८५ ची मापनी (प्रश्नावली) पाच विधानांची असून तिची बेरीज ५ ते ३५ येते. पण ती आयुष्याविषयीचे समाधान मोजते, रोजचा आनंद नव्हे.

उत्तर ३ : विद्याशाखाही नोंदवा. सागिव आणि श्वार्ट्झ यांनी २००० मध्ये व्यवस्थापन व मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा विचार करताना, स्वतःची मूल्ये भोवतालाशी जुळतात का, हाच प्रश्न महत्त्वाचा मानला होता.