७८ ची पद्मिनी: मुंबईच्या टॅक्सीचं जुनं इंजिन बसवावं का? (सोलापूर)

पद्मिनी_तेरा

नमस्कार मंडळी. वडिलांची १९७८ ची प्रीमिअर पद्मिनी आहे. पेट्रोल, स्टिअरिंगवर गिअर. बरीच वर्षं उभीच होती, दिवाळीपासून परत चालवतोय. आयडलला थरथरते, चढाला दम नाही, सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर टाकते, ऑइलही पिते. मिस्त्रीनं बॉनेट उघडून जरा वेळ आवाज ऐकला आणि निकाल दिला, "इंजिन संपलं, दुसरं टाका." त्याच्या ओळखीतून मुंबईच्या टॅक्सीचं फुल इंजिन येतंय. बसवून अठ्ठावीस हजार, आणि आमचं जुनं इंजिन तो घेऊन जाणार.

दुसरा एक जण म्हणतो ओम्नीचं टाका, पार्ट कुठंही मिळतात. वडिलांचं एकच म्हणणं आहे की काहीही कर, पण याच गाडीनं गाणगापूरला जायचं. काय करावं? आरटीओचं काय असतं?

सातरस्ता_कट्टा

ओम्नीचं इंजिन? काय करालाव ओ? ७९६ सीसी, तीन सिलिंडर. पद्मिनीचं १०८९, चार सिलिंडर. बसवतात लोक, नाही असं नाही. पण मध्ये अ‍ॅडॅप्टर प्लेट बनवा, फाउंडेशन नवीन वेल्ड करा, गिअरबॉक्स बदला, म्हणजे स्टिअरिंगवरचा गिअर गेला. मग प्रोपेलर शाफ्ट कापा. एवढं करून पद्मिनीत बसल्यावर आवाज ओम्नीचा येणार. त्यापेक्षा ओम्नीच घ्या की.

लेथवाले_काका

पद्मिनी_तेरा, आधी मिस्त्रीला थांबवा. इंजिन देऊ नका आणि घेऊही नका.

अशोक चौकाकडं आमचं लेथचं दुकान आहे, आता मुलगा बघतो. यंत्रमागाचे शाफ्ट हे रोजचं काम, पण फियाटचे (पद्मिनी मूळची फियाटच) ब्लॉकही, म्हणजे सिलिंडर असलेलं इंजिनाचं धड, भरपूर बोअर केले. माझा अनुभव असा की "इंजिन संपलं" म्हणून आलेल्या गाड्यांत बऱ्याच वेळा फक्त हेडचं, म्हणजे ब्लॉकवरच्या व्हॉल्व्हवाल्या झाकणाचं, काम निघतं. कानानं ऐकून इंजिन संपलं असं मी तरी कुणाला सांगणार नाही. गेज लावायचा.

कॉम्प्रेशन टेस्ट अशी करा. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, कॉइलची वायर सोडा. एकानं अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा आणि गेजचा काटा वर जायचा थांबेपर्यंत स्टार्टर मारायचा. बॅटरी चार्ज हवी, नाहीतर आकडे खोटे येतात. चारही आकडे लिहून ठेवा. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत घ्या. ऑइल टाकल्यावर आकडा चांगला वर चढला तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर (सिलिंडरचं भोक) गेलाय. जागेवरच राहिला तर गळती वर आहे, म्हणजे व्हॉल्व्ह नाहीतर गॅस्केट (हेड आणि ब्लॉकच्या मधली पट्टी). आणि शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडलेले दिसले तर त्या दोघांच्या मधलं हेड गॅस्केट जळलंय असं निम्मं धरून चाला.

धुराची परीक्षा सोलापुरात फुकट होते. तुळजापूरच्या घाटात जा. उतरताना गिअरमध्येच ठेवून पाय पूर्ण उचला, खाली आल्यावर अ‍ॅक्सिलरेटर द्या आणि मागच्या सीटवरच्या माणसाला बघायला सांगा. निळा ढग तेव्हाच आला आणि नंतर साफ झाला तर व्हॉल्व्ह गाइडमधून (व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीतून) ऑइल उतरतंय. चढताना लोड असताना सतत निळा येत असेल तर रिंगा. गरम झाल्यावर आयडलला ऑइलचा लाल दिवा मिणमिणतो का तेही बघा. मिणमिणत असेल तर बेअरिंगकडं लक्ष द्यावं लागेल, पद्मिनीच्या क्रँकला (पिस्टन फिरवतात त्या दांड्याला) मेन बेअरिंग तीनच आहेत.

आता त्या टॅक्सीच्या इंजिनाबद्दल. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ ला बंद झाली. म्हणजे ते इंजिन निदान तेव्हापासून, कदाचित त्याच्याही आधीपासून, कुठंतरी पडून आहे, तेही समुद्राच्या हवेत. प्लग काढून ठेवले असतील तर बोअरला गंज धरलेला असणार. दुसरं, मुंबईच्या टॅक्सी शेवटची कैक वर्षं सीएनजीवर पळाल्या. गॅस कोरडा, त्यात व्हॉल्व्हची सीट खात जाते. बाहेरून पेंट मारलेलं इंजिन फार देखणं दिसतं हो, रंगाच्या डब्याला काय लागतं?

घ्यायचंच ठरलं तर क्रँकच्या पुलीला पाना लावून हातानं दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठंही अडता कामा नये. ऑइल भरायच्या झाकणाच्या आत दुधासारखा साका असेल तर पाणी आत गेलंय, तिथूनच घरी या. ब्लॉकच्या बाजूच्या गोल पत्र्याच्या टिकल्या गंजून फुगल्यात का बघा. सम्प (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) उघडू देत नसेल तर पैसे देऊ नका.

आणि तुमचं जुनं इंजिन तो घेऊन जाणार, ही या व्यवहारातली मेख आहे. तुमच्या आरसीवरचा नंबर त्या ब्लॉकवर ठोकलेला आहे. तो ब्लॉक घराबाहेर जाऊ देऊ नका. बोअर मूळ ६८ मिलिमीटर. झिजला असेल तर ओव्हरसाइज पिस्टन, तेवढीही जागा उरली नसेल तर स्लीव्ह (आत बसवायची नवी नळी) ठोकून परत ६८ वर आणता येतो. क्रँक ग्राइंड होतो, बेअरिंगचे शेल अंडरसाइज मिळतात. बिडाचा ब्लॉक आहे, तडा गेला नसेल तर तो टाकायचं कारणच नाही. सोलापुरात पिस्टन नाही मिळाले तर मुंबईत ऑपेरा हाऊसच्या बाजूला विचारा.

जाता जाता, ही गाडी काढणारी प्रीमिअर कंपनी १९४४ ला सुरू केली ती वालचंद हिराचंदांनी, आणि त्यांचा जन्म आपल्या सोलापुरातला. आपल्याच गावात तिचं इंजिन भंगारात निघालं तर बरं दिसेल का!

आरसी_बुक

काकांनी नंबरचं सांगितलंच आहे, कागदाचं मी सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा. आरसीवर जे तपशील आहेत त्यांच्याशी न जुळणारा बदल करता येत नाही. त्याच मेकचं, त्याच इंधनाचं इंजिन टाकायचं तरी आधी आरटीओची मंजुरी घ्यायची, आणि बदल झाल्यावर १४ दिवसांत कळवून आरसीवर नवीन नंबर चढवून घ्यायचा. त्यासाठी इंजिन कुठून आलं त्याचं बिल लागतं, आणि ज्या गाडीतून काढलं ती रीतसर रद्द झाल्याचा कागदही मागून घ्या. विकणारा "कागदाचं बघू नंतर" म्हणाला तर ते इंजिन चोरीच्या गाडीचंही असू शकतं. नंबर न जुळता अपघात झाला तर विमा कंपनी पहिला हात तिथंच घालते. ओम्नीचं टाकलं तर मेकच बदलतो, त्या वाटेला जाऊच नका.

अजून एक. गाडी ७८ ची, म्हणजे २०२८ ला पन्नास पूर्ण. २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेतला नंबर मिळतो, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल केलेला नसावा. अर्थात तो नंबर घेतला की गाडी रोज फिरवता येत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्तीपुरती. गाणगापूर यात बसेल असं वाटत नाही. वडिलांना विचारून ठरवा.

पद्मिनी_तेरा

काका, गेज भाड्यानं आणला. पहिला १२०, दुसरा ११५, तिसरा ६०, चौथा ६०. ऑइल टाकल्यावर तिसऱ्या-चौथ्यात जेमतेम पाचाचा फरक. तुळजापूर घाटात उतरताना पाय उचलला, खाली परत दिल्यावर मेव्हण्याला मागं निळा ढग दिसला, नंतर साफ. लाल दिवा मिणमिणत नाही.

काल हेड उतरवलं. गॅस्केट तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधोमध काळं होऊन तुटलंय. बोअरवर बोट फिरवलं, वरच्या कडेला झिजेची पायरी अगदी नावाला लागते. पाण्याच्या वाटा मात्र पांढऱ्या क्षारानं निम्म्या बंद. मिस्त्री अजून म्हणतो, "हेड करून काय उपयोग, दोन महिन्यांत परत येशील."

लेथवाले_काका

येऊ दे म्हणावं. त्या गाडीच्या रेडिएटरमध्ये बोअरवेलचं पाणी घातलंय कुणीतरी, त्यानंच मागचे सिलिंडर तापले. आपल्याकडचं बोअरवेलचं पाणी चहालासुद्धा चालत नाही, इंजिनात काय चालणार! ब्लॉकच्या पाण्याच्या वाटा तारेनं खरडून काढा, रेडिएटर सोडून रॉडिंग (आतल्या नळ्या सळईनं साफ) करून घ्या. भरताना डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट. थर्मोस्टॅट कुणी काढून फेकला असेल तर परत बसवा.

हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, वाकलेलं असणारच. सरळ पट्टी आडवी-तिरकी ठेवून खाली फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) घाला, मग फेस करायला द्या. जेवढं लागेल तेवढंच घासायला सांगा, जास्त उडवलं तर परत करायला जागा उरत नाही. गाइड आठही बदला, सीट कापून व्हॉल्व्ह घासून घ्या, आणि पेट्रोल टाकून बघा, थेंबही झिरपता कामा नये. खर्च त्या अठ्ठावीसच्या बराच आत बसेल.

हात लागलाच आहे तर पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि पंपाचा डायफ्रॅम बदला. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉल येतं. आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांना ते चांगलं, पण ७८ च्या रबराला नाही.

हेडचे नट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानं. अक्कलकोटपर्यंत एकदा जाऊन या, रात्रभर गाडी थंड होऊ द्या, सकाळी परत टाइट करा आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करा. गाणगापूर त्याच्यानंतर.