दादरहून गिरगाव चौपाटीपर्यंत एकटीने सायकल

प्रश्न: रविवारी पहाटे दादरहून गिरगाव चौपाटीपर्यंत एकटीने सायकलने जावे असे फार दिवस मनात आहे, परंतु मागून बसचा भोंगा वाजला की माझे हँडल डगमगू लागते. कोणता रस्ता धरावा?

प्रतिसाद: सागरी किनारा मार्गाचा विचार करू नये, तेथे सायकलींना मनाई आहे. वरळी नाक्यावरून हाजी अलीपर्यंत यावे आणि पेडर रोडचा चढ टाळून ताडदेव, नाना चौक, गावदेवीमार्गे चौपाटीवर उतरावे.

प्रतिसाद: भीती बसची वाटत असली, तरी उभ्या मोटारींच्या अचानक उघडणाऱ्या दरवाजांचा धोकाही तितकाच खरा आहे, म्हणून त्यांच्यापासून चांगले मीटरभर अंतर राखून सरळ रेषेत सायकल चालवावी. थांब्यावरील बसच्या डावीकडून कधीही घुसू नये; मागे थांबून तिला निघू द्यावे. भोंगा बहुधा ‘मी मागे आहे’ एवढेच सांगत असतो (मुंबईत तो निव्वळ सवयीनेही वाजतो, हे निराळे).

प्रश्नकर्ती: आभारी आहे. सायकल वाळूत नेली तर चालेल का?

प्रतिसाद: नेऊ नये. वाळू साखळीत अडकते आणि खाऱ्या हवेने गंज धरतो. घरी परतल्यावर साखळी पुसून तेल द्यावे.