नवीन मदरबोर्डवर जुन्या दोन्ही हार्ड डिस्क दिसत नाहीत, बायोसमध्येही नाहीत

अक्षरजुळणी_मिरज (प्रश्न)

नमस्कार. मिरजेत माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे, २००४ पासून. लग्नपत्रिका, दवाखान्यांची लेटरहेडं, तंतुवाद्यं करणाऱ्या कारागिरांची लेबलं, उरुसातल्या संगीत सभेची पत्रकं, अशी कामं. जुलैत लाइट सारखी ये-जा करत होती, त्यात जुन्या मशीनचा मदरबोर्ड गेला. हार्ड डिस्क मात्र शाबूत होत्या. भाच्याने त्याच्या कॉम्प्युटरला लावून दाखवल्या, फायली उघडत होत्या. हे मी मुद्दाम सांगते, पुढे त्याचा संबंध येतो.

नवीन मशीन सुटे भाग आणून घरीच जोडायचं ठरवलं. रायझन ५ ५६००जी, बी५५० चा मोठा एटीएक्स बोर्ड, डीडीआर४ ३२०० च्या ८ जीबीच्या दोन रॅम, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, ५५० वॅटचा एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज देणारा डबा). ग्राफिक कार्ड घेतलं नाही, कोरल आणि पेजमेकरला त्याची गरज नाही.

रविवारी भाचा आणि मी सकाळी दहाला बसलो. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवून तो अलगद ठेवला, दाब दिला नाही, मग दांडी लावली. पंख्याने मात्र दमवलं. बोर्ड आधीच कॅबिनेटमध्ये बसवला होता. पंख्यासाठी वरचे प्लॅस्टिकचे अडकवे काढले, तर मागची लोखंडी पट्टी सुटून खाली पडली आणि स्क्रू कशात धरणार? बोर्ड परत बाहेर काढून टेबलावर पंखा बसवला. दोन तास त्यात गेले.

एसएसडीसाठी बोर्डावर दोन जागा आहेत. वरच्या जागेवर एक जाड पट्टी स्क्रूने बसवलेली होती, खालची उघडी होती, म्हणून खालच्या जागेत लावली. जुन्या दोन हार्ड डिस्क, एक १ टीबी आणि एक ५०० जीबी, साटाच्या (डिस्कची डेटा केबल लावायच्या पोर्टच्या) ५ आणि ६ नंबरला जोडल्या, कारण केबल आखूड होत्या आणि तेच दोन डिस्कच्या कप्प्याच्या जवळ पडत होते.

मशीन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. विंडोज ११ एसएसडीवर टाकलं. पण जुन्या डिस्क कुठेच नाहीत. डिस्क मॅनेजमेंटमध्ये नाहीत, बायोसच्या (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या, बोर्डाच्या सेटिंगच्या) यादीत नाहीत. डिस्कवर हात ठेवला की फिरल्याची थरथर लागते, म्हणजे वीज पोचते. केबल बदलून पाहिल्या, तेच.

सोमवारी एका दुकानात नेलं. त्यांनी दहा मिनिटांत सांगितलं, दोन्ही डिस्क गेल्या, डेटा रिकव्हरीला पुण्याला पाठवाव्या लागतील, अठरा हजार धरून चाला. मी डिस्क परत घेऊन आले. दोन डिस्क, दोन वेगवेगळ्या वयाच्या, एकाच दिवशी कशा जातील हे मनाला पटत नाही. त्यांच्यावर माझं वीस वर्षांचं काम आहे. दिवाळीनंतर लग्नसराई सुरू होईल आणि जुनी गिऱ्हाइकं येऊन म्हणतील, ‘थोरल्या मुलीच्या पत्रिकेसारखीच करा.’

अजून एक. रॅम १६ जीबी टाकली, विंडोज वापरण्याजोगी १३.९ दाखवतं आणि वेग २४००. ३२०० चे पैसे दिलेत. पण ते नंतर. आधी डिस्क.

वायरमन_सोलापूर

आधी एक विचारतो. एसएमपीएसच्या केबल सुट्या होणाऱ्या आहेत का? आणि जुन्या एसएमपीएसची एखादी केबल नवीनला लावलीत का? डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं असतं, एसएमपीएसकडचं नसतं. एका कंपनीच्या केबलमध्ये ५ व्होल्ट जिथे असतात तिथे दुसऱ्याच्या केबलमध्ये १२ असू शकतात. डिस्क त्या क्षणी जळते. माझ्यासमोर एकाच्या तीन गेल्या आहेत.

तसं नसेल तर साटा-यूएसबी अडॅप्टरवर तपासा. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, म्हणून वेगळा चार्जर असलेलाच घ्या.

अक्षरजुळणी_मिरज

केबल सुट्या होत नाहीत, एसएमपीएसमधूनच निघालेल्या आहेत. जुनी एकही लावली नाही. अडॅप्टर इथे मिळाला नाही, मागवावा लागेल.

जोडारी

ताई, रिकव्हरीवर अजून एक रुपयाही घालू नका. तुमच्या डिस्क बहुधा ठणठणीत आहेत. बोर्डाने ते दोन पोर्ट बंद केलेत.

मी पंधरा वर्षं लॅमिंग्टन रोडवर मशिनं जोडली, आता ठाण्यात घरूनच करतो. तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी वाचल्या आणि थांबलो. एसएसडी ‘खालच्या जागेत’ आणि डिस्क ‘५ आणि ६ नंबरला’. बी५५० च्या बऱ्याच मोठ्या बोर्डांवर खालच्या एम.२ जागेत एसएसडी बसली की साटा ५ आणि ६ आपोआप बंद होतात. हा बिघाड नाही, रचनाच तशी आहे.

का, तेही सांगतो, म्हणजे भीती जाईल. ५६००जी मधून पीसीआय एक्सप्रेसच्या २४ लेन, म्हणजे डेटा जायच्या वाटा, निघतात. १६ ग्राफिक कार्डाच्या लांब स्लॉटला, ४ वरच्या एम.२ ला, उरलेल्या ४ बी५५० चिपकडे. खालची एम.२, साटा, लॅन हे सगळं त्या चिपच्या वाट्यातून भागवायचं. चिपकडे लेन मोजक्याच, म्हणून बोर्ड बनवणारे काही लेन दोघांत सामायिक ठेवतात. रानात दारं धरताना कसं, एका वाफ्याचं तोंड उघडलं की दुसऱ्याचं बुजवावं लागतं. खालच्या एसएसडीला पाणी सोडलंत, ५ आणि ६ कोरडे राहिले. डिस्कला वीज एसएमपीएसमधून थेट येते, म्हणून ती फिरते. बोलायला मात्र तिला वाट नाही.

मॅन्युअलमध्ये एम.२ च्या पानावर एक तक्ता किंवा चांदणी लावलेली बारीक टीप असेल, तिथे कोणते पोर्ट बंद होतात ते दिलेलं असतं. प्रत्येक बोर्डाचं वेगळं असतं, म्हणून तुमच्याच बोर्डाचं पान उघडा. दुकानदाराने ते पान उघडलं असतं तर तुमची एक रात्र वाचली असती, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता करायचं एवढंच. मशीन बंद करा, एसएमपीएसच्या मागचं बटण बंद करा, भिंतीवरचंही. मग कॅबिनेटचं पॉवर बटण एकदा दाबून धरा, आत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच आत हात घाला. डिस्कच्या फक्त डेटा केबल ५ आणि ६ मधून काढून १ आणि २ मध्ये लावा. टोकाला पत्र्याची क्लिप असेल तर दाबून ओढा, नाहीतर पोर्टच उपटून येतो. केबल ताणून लावू नका, ताणलेली केबल पुढे त्रास देते. ५० सेंटिमीटरची नवी आणा.

चालू केल्यावर आधी बायोस उघडा. तिथे दोघी दिसल्या की जिंकलो. विंडोजमध्ये गेल्यावर ‘इनिशिअलाइझ’ किंवा ‘फॉरमॅट’ विचारलं तर काही झालं तरी हो म्हणू नका, रद्द करा आणि इथे लिहा. डिस्क दिसते पण तिला डी, ई असं ड्राइव्हचं अक्षर नाही असं असेल तर डिस्क मॅनेजमेंटमधून अक्षर द्या, त्याने डेटाला धक्का लागत नाही.

कागलकर_ऑफसेट

दादांचं बरोबर आहे. माझा डीव्हीडी रायटर असाच सहा महिने गायब होता. मी तो भंगारात टाकला आणि नवीन आणला, तोही दिसेना, तेव्हा मॅन्युअल उघडलं.

अक्षरजुळणी_मिरज

मॅन्युअल उघडलं. पान २४, तळाला चांदणी, अगदी बारीक अक्षरात. अक्षरं जुळवणं हा माझा धंदा, आणि एवढं मोठं वाक्य इतक्या लहान टाइपात कुणी टाकलं असेल असं वाटलं. ५ आणि ६ चंच लिहिलंय.

मग गणपती पेठेत सांगलीला जाऊन दोन लांब केबल आणल्या आणि बदलल्या. बायोस उघडलं, दोन्ही डिस्क. मी खुर्चीवर तशीच बसून राहिले. भाच्याला फोन केला तर मला बोलताच येईना.

विंडोजमध्ये ५०० जीबीची लगेच उघडली. २०११ च्या पालखी सोहळ्याचं पत्रक सापडलं, सासऱ्यांनी शुद्धलेखन तपासलेलं शेवटचं काम. ते आता नाहीत. १ टीबीला अक्षर नव्हतं, ते दिलं. पण तिच्यावर जुन्या विंडोजमधलं माझं नावाचं फोल्डर उघडताना परवानगी नाही असं म्हणतं. कंटिन्यू दाबू का?

जोडारी

दाबा. ते फोल्डर जुन्या विंडोजमधल्या तुमच्या खात्याच्या मालकीचं आहे. नावं सारखी असली तरी नव्या विंडोजला तुम्ही वेगळी व्यक्ती वाटता. कंटिन्यू म्हटलं की ते प्रत्येक फायलीवर नवीन परवानगी लिहीत जातं. फायली हजारो असतील तर वेळ लागेल, मध्ये बंद करू नका.

पण त्याआधी एक काम. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात दोन्ही डिस्कची तब्येत बघा. ०५ (खराब म्हणून बदललेल्या जागा) आणि सी५ (वाचायला अडखळणाऱ्या जागा) या दोन ओळी काय म्हणतात ते सांगा.

एसएसडी वर हलवायची घाई नाही. साधा ५६०० असता तर वरच्या जागेला जेन ४ चा, म्हणजे पीसीआय एक्सप्रेसच्या चौथ्या पिढीचा, वेग मिळाला असता. ५६००जी जेन ३ च देतो, तुमच्या कामाला फरक जाणवणार नाही. पुढे कधी हलवलीत तर त्या जाड पट्टीखालच्या मऊ गादीवर पारदर्शक कागद चिकटवलेला असतो, तो आठवणीने काढा. ती पट्टी एसएसडीची उष्णता ओढून घेण्यासाठी आहे.

रॅम कोणत्या स्लॉटमध्ये आहेत?

अक्षरजुळणी_मिरज

प्रोसेसरकडून पहिल्या आणि दुसऱ्या. शेजारी शेजारी.

जोडारी

हे मात्र आजच बदला. प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा, बोर्डावर ए२, बी२ असं काहीसं छापलेलं असेल. शेजारी लावल्या की दोन्ही एकाच चॅनेलवर बसतात. २४०० ला एका चॅनेलची वाट सेकंदाला १९.२ जीबीची. ३२०० ला दोन चॅनेल मिळून ५१.२. ग्राफिक कार्ड असलेल्याला हे थोडंफार चालून जातं, तुम्हाला नाही. ५६००जी मधला ग्राफिकचा भाग स्वतःची मेमरी बाळगत नाही, तो तुमच्या रॅममधूनच घेतो. कोरलमध्ये मोठं बॅनर झूम करताना तुम्हाला फरक डोळ्यांनी दिसेल.

लावताना दोन्ही बाजूंनी टक असा आवाज येईपर्यंत दाबा. काही बोर्डांवर एकाच बाजूला खिटी असते, तिथे दुसरी बाजू नीट बसली का ते वाकून बघा. नंतर पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन मिनिटभर काळी राहू शकते. बोर्ड रॅमची नाडी तपासत असतो. घाबरून बटण दाबू नका.

वेगासाठी बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमच्या पूर्ण वेगाची नोंद) शोधा, काही बोर्डांवर त्यालाच डीओसीपी म्हणतात. ते चालू करून सेव्ह करा. पाकिटावरचा ३२०० हा आकडा त्या नोंदीतला असतो. ती चालू करेपर्यंत बोर्ड सावध वेगानेच चालवतो. म्हणजे तुमचे पैसे वाया गेले नाहीत.

आणि १३.९ चं उत्तर वर आलंच. बोर्डाने २ जीबी ग्राफिकसाठी बाजूला काढून ठेवलेत. बायोसमध्ये यूएमए फ्रेम बफर अशी नोंद सापडेल, ती ५१२ एमबी केली की साधारण १५.४ दिसेल. कमी पडलं तर ग्राफिक स्वतःहून जास्त मागून घेतं.

अक्षरजुळणी_मिरज

रॅम बदलल्या. स्क्रीन काळी राहिली ते चाळीस सेकंद मी मोजले. आता ३२०० आणि १५.४ दाखवतंय. दहा बाय चारचा फ्लेक्स उघडून पाहिला, हात सोडायच्या आत झूम होतो.

डिस्कचं सांगते. १ टीबीला निळ्या रंगात ‘चांगली’ आहे, ०५ आणि सी५ दोन्ही शून्य. ५०० जीबीला पिवळ्यात ‘सावधान’ आलंय. ०५ शून्य, सी५ ला ८. हीच ती पालखीच्या पत्रकाची डिस्क.

जोडारी

सी५ ला ८ म्हणजे आठ जागा अशा आहेत ज्या डिस्कला वाचताना अडखळायला झालं आणि त्यांचं काय करायचं हे तिने अजून ठरवलेलं नाही. ती लगेच मरेल असं नाही, पण तिच्यावर आता नवीन काही लिहू नका. चेकडिस्क (विंडोजची डिस्क-दुरुस्ती) चालवू नका, डीफ्रॅग (फायलींची फेरमांडणी) तर मुळीच नाही. १ टीबीचं कंटिन्यू आज राहू द्या.

आधी ५०० जीबीवरून कॉपी सुरू करा. सगळं एकदम ओढू नका. ज्यांची दुसरी प्रत कुठेच नाही ती फोल्डर पहिली, एसएसडीवर. पालखीचं पत्रक आत्ता, हे वाचून झाल्या झाल्या. नंतर वर्षावर्षाची फोल्डर घ्या. एखाद्या फायलीवर अडकलं तर ‘स्किप’ करून पुढे जा आणि तिचं नाव कागदावर लिहून ठेवा, अशा फायली शेवटी बघू. बाहेरची नवीन डिस्क कितीची घ्यायची ते दोन्हीत मिळून किती भरलंय यावर ठरवू. तो आकडा मला सांगा.

अक्षरजुळणी_मिरज

पत्रक आलं. उघडूनही पाहिलं, फाँटसकट नीट आहे. आता २०१२ चं फोल्डर चाललंय. दोन्ही मिळून ७१० जीबी भरलंय.