मेंदूविज्ञानाचा ऑनलाइन जर्नल क्लब (शोधनिबंध म्हणजे पेपर वाचून चर्चा करणारा गट) सुरू करायचा आहे: पहिला पेपर कोणता, बैठक कशी घ्यावी?

मन_मेंदू_मंडळ
मानसशास्त्र, जीवशास्त्र आणि संगणकशास्त्राचे मिळून बारा पदव्युत्तर विद्यार्थी आहोत. बहुतेक पुण्यात, दोघे न्यूयॉर्कला. चर्चा मराठीत, पेपर इंग्रजी. किती दिवसांनी भेटावं? सुरुवात कोणत्या पेपरने करावी? आणि तिसऱ्या-चौथ्या बैठकीनंतर गळती लागू नये म्हणून काय करता येईल?

कॉर्टेक्स_कट्टा
पंधरवड्यातून एकदा पुरे. दर आठवड्याला ठेवलंत तर वाचून होत नाही. झूमचं मोफत खातं ४० मिनिटांनी बैठक तोडतं, गूगल मीट ६० मिनिटांनी, म्हणून ५५ मिनिटांत संपेल असंच आखा. रविवारी रात्री ८ म्हणजे न्यूयॉर्कला उन्हाळ्यात सकाळचे १०:३०, हिवाळ्यात ९:३०. निमंत्रणात दोन्हीकडची वेळ लिहा, नाहीतर मार्च आणि नोव्हेंबरमध्ये हमखास घोळ होतो.

गळती लागते ती एकाच माणसाने सगळा पेपर स्लाइडवर सांगितल्यामुळे. न वाचता बसलं तरी चालतं, हे बाकीच्यांना लगेच कळतं. त्यापेक्षा आठवडाभर आधी आकृत्या वाटून द्या. ज्याच्या वाट्याला जी आकृती, त्याने पाच मिनिटांत एवढंच सांगायचं: अक्षांवर काय आहे, एरर बार (आलेखावरची छोटी रेघ) प्रमाण विचलनाचा (मोजमापं किती पसरली आहेत) की प्रमाण त्रुटीचा (सरासरी किती अनिश्चित आहे), आणि एक ठिपका म्हणजे काय: उंदीर, न्यूरॉन (चेतापेशी) की एक चाचणी? हा शेवटचा प्रश्न कधीही सोडू नका. तीन उंदरांमधले ३०० न्यूरॉन ही ३०० स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत. एकाच उंदरातले न्यूरॉन एकमेकांसारखे वागतात. ते सुटे मोजले की पी-मूल्य (खरा परिणाम नसतानाही असा निकाल योगायोगाने दिसण्याची शक्यता) खोटंच लहान येतं. पुष्कळ देखणे निष्कर्ष इथेच ढासळतात.

पी_मूल्य
पहिला पेपर बेनेट आणि सहकाऱ्यांचा घ्या, मेलेल्या सॅमन माशाच्या एफएमआरआयचा (रक्तप्रवाहातल्या बदलांवरून मेंदूची सक्रियता दाखवणारं स्कॅन). २०१० साली छापला गेला, २०१२ मध्ये त्याला इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा पुरस्कार) मिळालं. माशाला माणसांची छायाचित्रं दाखवली आणि त्याच्या मेंदूत 'सक्रिय' व्हॉक्सेल (स्कॅनमधले छोटे घनाकार ठिपके) सापडले! आधी सगळ्यांकडून हिशोब करून घ्या: एक लाख व्हॉक्सेल, प्रत्येकाला पी-मूल्याचा ०.००१ चा उंबरठा, तर निव्वळ योगायोगाने साधारण शंभर व्हॉक्सेल उजळणार. बहुतुलनेची दुरुस्ती (एकाच वेळी अनेक चाचण्या केल्या की निकष कडक करणं) कशासाठी, हे मग वेगळं शिकवावं लागत नाही. त्यानंतर २०२० चा 'नेचर'मधला पेपर: एकच एफएमआरआय डेटा ७० गटांना दिला, नऊ गृहीतकं तपासायला सांगितली, आणि निष्कर्षांमध्ये बरीच तफावत आली. तुमच्या संगणकशास्त्रवाल्यांना तो फार भावेल.

हिप्पोकॅम्पस
हिशोब पटला, पण मिश्र गटाला सुरुवातीलाच संख्याशास्त्र दिलं तर जीवशास्त्राची मुलं गप्प बसतील. मी स्कोव्हिल आणि मिलनर यांचा १९५७ चा पेपर आधी घेईन. एच. एम. या रुग्णाची स्मृती शस्त्रक्रियेनंतर कशी बदलली, ते त्यात साध्या भाषेत आहे, कुणीही बोलू शकतं. जोडीला त्याच रुग्णाच्या मेंदूच्या एमआरआयचा १९९७ चा पेपर ठेवा. शल्यविशारदाने मेंदूचा भाग आठ सेंटिमीटर मागपर्यंत काढल्याचं नोंदवलं होतं. एमआरआयमध्ये ते अंतर पाचच्या आसपास निघालं आणि हिप्पोकॅम्पसचा (मेंदूतला स्मृतीशी संबंधित भाग) मागचा काही भाग शिल्लक दिसला. मग 'हिप्पोकॅम्पस गेला म्हणून स्मृती गेली' हे विधान किती टिकतं, यावर तासभर सहज वाद होतो.

पेपर मोफत हवे असतील तर पबमेड सेंट्रल आणि बायोआर्काइव्ह आधी पाहा. 'ईलाइफ' या नियतकालिकाचे पेपर अधूनमधून जरूर घ्या. तिथे परीक्षकांचे अभिप्राय पेपरसोबतच छापतात. चर्चा होईपर्यंत ते कुणी उघडायचे नाहीत. आपल्या आक्षेपांची यादी आधी लिहून काढा, मग परीक्षकांच्या यादीशी ताडून बघा.