बयाणा, उचल की अग्रिम?

अनुवादक: रायगड जिल्ह्यातील कातकरी वीटभट्टी मजुरांविषयीच्या अहवालाचे मी भाषांतर करीत आहे. हंगामापूर्वी भट्टीमालक कुटुंबाला जी रक्कम देतो आणि पुढे मजुरीतून वळती करतो, तिला मी ‘अग्रिम’ म्हटले होते. संपादकांनी ‘बयाणा’ केले. बयाणा तर जागेच्या सौद्यात देतात ना?

पेणकर: आमच्याकडे ‘बयाणा’च म्हणतात. पावसाळ्यात घरातले धान्य आटते तेव्हा मुकादम वाडीवर येतो, नवरा-बायकोची जोडी ठरवतो, आणि बयाणा हाती पडला की भट्टी ठरली. आठवड्याला मिळते ती ‘खर्ची’. पावसाच्या तोंडावर हजार विटांच्या दराने हिशोब होतो, आणि पैसे अंगावर निघाले, म्हणजे देणे उरले, तर पुढच्या हंगामाची भट्टीही ठरलेलीच असते.

स्वभाषाप्रेमी: ‘बयाणा’ अरबी-फारसीतून आलेला आहे. ‘विसार’ असताना त्याची गरज काय?

बीडचा वाचक: विसार दिल्यावर सौदा फिसकटला तर माणूस मोकळा होतो, इथे माणूसच अडकतो. आमच्या ऊसतोडीत ‘उचल’ म्हणतात. मात्र या शब्दात रक्कम उचलणारा तेवढा दिसतो, देणारा नाहीसा होतो, हे मला खटकते.

अनुवादक: 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यातील अशा आगाऊ रकमेच्या व्याख्येत रोख आणि वस्तुरूप असे दोन्ही प्रकार येतात. बयाण्यात तांदळाचे पोते बसेल का?

डहाणूकर: त्या कायद्याच्या किती तरी आधी आमच्या भागात ‘लग्नगडी’ होते. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घ्यायचे आणि नवरा-बायकोने त्याच्याकडे राबायचे. 1945 च्या वारली उठावाच्या मुळाशी ही वेठही होती. तिथे रकमेला नव्हे, माणसालाच नाव पडले. ‘अग्रिम’ हा तर कार्यालयातला, सणाच्या पगाराचा शब्द वाटतो.

स्वभाषाप्रेमी: शब्दांचे मूळ पाहायला हवे, एवढेच माझे म्हणणे. ‘कातकरी’ हाही ‘कातणे’पासूनच आला असावा.

पेणकर: नाही हो! खैराच्या लाकडापासून कात काढणारा तो कातकरी, म्हणून ‘काथोडी’ असेही म्हणतात. जंगलावर निर्बंध आले, कात गेला, मग कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्या आल्या. ‘कातणे’ कुठून काढलेत?

स्वभाषाप्रेमी: ‘करी’ हा प्रत्यय तरी मराठीच ना?

बीडचा वाचक: कोणी हरकत घेतली नव्हती. ‘अंगावर निघणे’ भाषांतरात कसे आणणार, ते मात्र कोणी सांगत नाही.