२० जून १९४४: विमानं पाडली कुणी?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिका आणि जपान यांच्यात झालेल्या फिलिपिन समुद्राच्या लढाईत दुसऱ्या दिवशी अमेरिकेची शंभरच्या आसपास विमानं गेली ती जपानी तोफांमुळे, असा एक दावा वाचला. ते पटत नाही. जपानी ताफ्यावरच्या प्रत्यक्ष हल्ल्यात वीसेकच पडली. उरलेली सुमारे ऐंशी इंधन संपल्यामुळे आणि अंधारात उतरताना गेली. शत्रूचा ठावठिकाणा कळेपर्यंत दुपार टळली होती, आणि विमानं उडाल्यावर समजलं की शत्रू आधी सांगितल्यापेक्षा साठेक मैल आणखी लांब आहे. तरीही अमेरिकेच्या विमानवाहू ताफ्याचे प्रमुख मिचर यांनी त्यांना माघारी बोलावलं नाही.

परतीच्या वेळी मिट्ट काळोख. जपानी पाणबुड्यांचा धोका पत्करून मिचर यांनी सगळ्या ताफ्याचे दिवे लावायला सांगितले, विनाशिकांनी प्रकाशगोळे उडवले. वैमानिक समोर दिसेल त्या विमानवाहू नौकेवर उतरत होते, स्वतःची की दुसऱ्याची हे बघायला सवड कुणाला होती! आणि आणखी एक गोष्ट: नव्या हेलडायव्हर बॉम्बफेकी विमानांपैकी बहुतांश गेली, पण मोडीत निघालेली म्हणून हिणवली जाणारी जुनी डॉन्टलेस बॉम्बफेकी विमानं मात्र जवळजवळ सगळी परत आली. समुद्रात उतरलेल्यांपैकी बरेच जण नंतर जिवंत सापडले. माझ्या मते तो दिव्यांचा हुकूम त्या दिवसातला सर्वात मोठा निर्णय होता.