बाबांच्या लिव्हरमधली २.४ सेंमीची गाठ: आरएफए, मायक्रोवेव्ह की दुर्बिणीचं ऑपरेशन?

दांडियाबाजारकर
नमस्कार. बाबा ७१ वर्षांचे. हिपॅटायटिस बी जुना, त्यातून सिरॉसिस, म्हणजे लिव्हर व्रणांनी कडक झालेलं. दर सहा महिन्यांच्या सोनोग्राफीत गाठ दिसली. ट्रिपल फेज सीटीत (डाय देऊन तीन टप्प्यांत काढलेला स्कॅन) २.४ सेंमी, सेगमेंट ८ (लिव्हरच्या उजव्या बाजूचा वरचा भाग), उजव्या हिपॅटिक व्हेनला, म्हणजे लिव्हरमधून रक्त बाहेर नेणाऱ्या नसेला खेटून. सुरुवातीच्या फेजमध्ये उजळते, नंतर काळी पडते, म्हणून हा लिव्हरचा कॅन्सरच, बायॉप्सी नको असं सगळेच म्हणाले. चाइल्ड-प्यू ए (म्हणजे लिव्हरचं काम अजून बरं चालू), पोटात पाणी नाही, प्लेटलेट ८२ हजार, म्हणजे कमी.

इथवर एकमत. पुढे एक डॉक्टर आरएफए (सुईतून वीज देऊन गाठ जाळणं) म्हणतात, दुसरे मायक्रोवेव्हच (सुईतून मायक्रोवेव्ह लहरींनी जाळणं) करा म्हणतात, सर्जन दुर्बिणीनं तेवढा भाग काढू म्हणतात. बाबा रावपुऱ्यात गणित शिकवायचे. ते वहीत तीन रकाने आखून बसलेत. "काही होत नाही हो" म्हटलेलं त्यांना चालत नाही, कारण लागतं. शेजारचे काका म्हणतात, पूर्वी गाठीत अल्कोहोल टोचायचे, स्वस्तात व्हायचं. आई माझ्या तोंडाकडे बघते आहे. ज्यांना माहीत आहे त्यांनी कृपया लिहा.

सुई_आणि_सोनोग्राफी
दादा, मी इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे स्कॅन बघत सुईनं उपचार करणारा डॉक्टर, शिकलो बडोद्यातच. सीटी न बघता सल्ला देता येत नाही, पण बाबांच्या वहीसाठी कारणं लिहितो.

आरएफएत सुईच्या टोकाशी वीज खेळवून पेशी तापवतात. ६० अंशांच्या वर त्या लगेच मरतात. पण १०० च्या पुढे ऊतक करपतं, आणि करपलेल्यातून वीज पुढे जात नाही. त्यात शेजारी ३ मिमीहून मोठी रक्तवाहिनी असली तर वाहतं रक्त उष्णता घेऊन जातं आणि गाठीची नेमकी तीच कड जिवंत राहू शकते. मायक्रोवेव्ह करपण्यानं अडत नाही, लवकर आणि जास्त तापवतं, वीज परत नेणारे पॅड मांडीला लावावे लागत नाहीत. वाहिनीचा त्रास त्यातही उरतो, पण कमी. म्हणून तुमच्या रिपोर्टमधलं "व्हेनला खेटून" मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मी मायक्रोवेव्हकडे झुकेन. हीच गाठ वाहिनीपासून लांब असती तर ज्या यंत्रावर डॉक्टरांचा हात बसलाय तेच घ्या म्हणालो असतो, कारण ३ सेंमीच्या आत दोन्हींनी मिळणाऱ्या आयुष्यात ठोस फरक दिसलेला नाही.

आता गणित. गाठीभोवती सगळीकडून किमान ५ मिमी निरोगी भागही जळायला हवा. म्हणजे जळालेला गोळा ३.४ सेंमीच्या खाली नको. "एवढा गोळा एका बैठकीत मिळेल का?" हे दोघांनाही विचारा. सेगमेंट ८ श्वासपटलाच्या खाली असतो, सोनोग्राफीत नीट दिसतो का तेही विचारा. कधी पोटात द्रव सोडून पटल दूर सारावं लागतं.

अल्कोहोल गाठीत सारखं पसरत नाही, पुन्हा पुन्हा टोचावं लागतं. २ सेंमीच्या वर त्याचा भरवसा कमी. आज ते मुख्यतः उष्णता धोक्याची असते तिथेच वापरतात, म्हणजे पित्ताशय किंवा आतडं चिकटून असेल तेव्हा.

सर्जन चुकीचे नाहीत. काढलेल्या जागी गाठ परत येण्याची शक्यता कमी असते. पण ८२ हजार प्लेटलेट म्हणजे पोर्टल व्हेनचा (आतड्यांकडून लिव्हरला रक्त आणणाऱ्या नसेचा) दाब वाढलेला असू शकतो, आणि अशा लिव्हरला कापणं सोसेलच असं नाही. त्या दाबानं अन्ननलिकेतल्या नसा फुगल्यात का हे बघायला एंडोस्कोपी झाली आहे का?

मांजलपूरची_माई
अरे बाळा, आमच्या ह्यांचं आरएफए झालं. भूल दिली, दुसऱ्या दिवशी घरी. नंतर थोडे दिवस अंग मोडून बारीक ताप आणि उजवा खांदा दुखला. खांदा का म्हणून मी घाबरले, तर डॉक्टर म्हणाले पटलाची नस तिथे जाते. ही गोष्ट आधी कुणी सांगितली नव्हती म्हणून तुला सांगते. मात्र ताप चढत गेला, थंडी वाजली, तर वाट बघायची नाही, लगेच जायचं.

महिन्यानं सीटी केला तर एका बाजूला थोडं उरलं होतं, परत सुई घातली. पुढे लिव्हरच्या दुसऱ्याच भागात नवी गाठ आली. त्यात सुईचा दोष नाही. सिरॉसिस झालेल्या लिव्हरमध्ये दुसरीकडे पुन्हा उगवू शकतं. म्हणून दर तीन महिन्यांचा स्कॅन कधीच चुकवू नका. हिपॅटायटिस बीची गोळी एक दिवसही बंद नको. आणि तू, तुझी भावंडं, आई, सगळ्यांनी बीची तपासणी केली का? नसेल तर याच आठवड्यात करा, निगेटिव्ह असाल तर लस घ्या.

विश्वामित्री_काठ
रिपोर्टच्या झेरॉक्सवर दुसरं मत मागू नका, सीटीची सीडी घेऊन जा. अहमदाबादचं जीसीआरआय किंवा मुंबईचं टाटा ही कॅन्सरची हॉस्पिटलं, जिथे सर्जन, रेडिओलॉजिस्ट आणि लिव्हरचे डॉक्टर एकत्र बसून ठरवतात तिथे एकदा दाखवाच. पीएमजेएवाय-मा (आयुष्मान) हे सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड असेल तर तुमचं पॅकेज त्या हॉस्पिटलात चालतं का, तारीख घेण्याआधी काउंटरवर विचारा.

दांडियाबाजारकर
सगळ्यांचे मनापासून आभार. एंडोस्कोपी झालेली नाही, उद्याच विचारतो. माई, तपासणी आम्हा भावंडांपैकी कुणाचीच झालेली नाही, सकाळी सगळे मिळून जातो. बाबांनी वहीत चौथा रकाना आखलाय, "व्हेनपासून अंतर", आणि नेमके मिमी किती ते दोन्ही डॉक्टरांकडून लिहून आणायला सांगितलंय.